मैनेचे गाणे : ‘स्वरसम्राज्ञी’ आणि कीर्ती शिलेदार

जून २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ९८वे अधिवेशन मुंबईच्या मुलुंड उपनगरात भरले. सलग साठ तास चाललेले संमेलन म्हणून ते अनेकांच्या लक्षात असेल. त्याच्या अध्यक्षस्थानी कीर्ती शिलेदार होत्या. तीनच वर्षांपूर्वी, २०१५ साली, बेळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद फैय्याज यांनी भूषविले होते. दोघींची हयात गाण्याने रंगभूमी उभी करण्यात गेलेली. संगीत नाटक संपले, असे उसासे टाकणाऱ्या काळात नाट्यव्यवसायाने दोन गायिका-नटींना थोड्या अंतराने हा मान दिला, आणि त्यांतला दुसरा मान मुलुंडमध्ये दिला गेला, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. कारण गेल्या अर्धशतकात गिरगाव-दादरचा मराठी प्रेक्षक पार्ले, बोरिवली, मुलुंड असा उत्तरेकडे सरकत गेला आणि संगीत नाटकालाही त्याच्यामागून जावे लागले.

कीर्ती शिलेदार यांचे नाव घेताना एक विशेषण हटकून येत असे: ‘स्वरसम्राज्ञी’. बिरुदे पुष्कळांना मिळतात. परंतु हे बिरुद मुळात एका नाटकाचे नाव आहे. विद्याधर गोखले यांचे ‘स्वरसम्राज्ञी’ १९७२ साली रंगमंचावर आले. त्यातील मैना या नायिकेची भूमिका कीर्ती शिलेदार यांनी केली, आणि नाटकाचे नाव नटीला कायमचे चिकटले. सुभद्रा, शकुंतला, रुक्मिणी अशा कितीतरी थोर नायिका त्यांनी रंगविल्या. तरी ओळख म्हणून जी राहिली ती मैनेची. असे का व्हावे? या भूमिकेने नटीकडून नेमके काय मागितले? आणि तिने जे दिले ते नाटककाराच्या अपेक्षेबरहुकूमच होते का? या तीन प्रश्नांचा आम्हांला येथे विचार करावयाचा आहे.

*

‘स्वरसम्राज्ञी’चे मूळ जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे. कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी एलायझा, उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स, आणि सहा महिन्यांत हिची भाषा इतकी बदलून दाखवीन की थोरामोठ्यांच्या मेळाव्यातही हिचे मूळ कोणी ओळखणार नाही, ही त्याची बढाई. नाटक १९१३ साली प्रथम व्हिएन्नात, जर्मन भाषांतरात झाले. लंडनला ते १९१४ च्या एप्रिलमध्ये आले. त्या प्रयोगात एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. विशीच्या आतल्या मुलीची भूमिका पन्नाशीतल्या नटीने करावी आणि लंडनने ती डोक्यावर घ्यावी, हे शक्य झाले कारण त्या भूमिकेचा सारा भार बोलण्यावर होता. वय झाकता येत होते. उच्चार मात्र अचूक साधावे लागत होते.

शॉच्या रचनेत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. एलायझाचे प्रत्यक्ष शिक्षण आणि तिचा अंतिम विजय या दोन्ही गोष्टी मूळ नाटकात रंगमंचावर घडतच नाहीत. तिसऱ्या अंकात ती हिगिन्सच्या आईच्या घरी अर्धवट शिकलेली दिसते आणि हशा पिकविते. चौथ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा मध्यरात्र झालेली असते, विजय मिळवून मंडळी घरी परतलेली असतात, आणि एलायझाकडे कोणाचे लक्षही नसते. शॉला रस होता तो त्या उपेक्षेत. विजय कसा झाला हे प्रेक्षकाने मानून घ्यायचे.

हे मानून घेणे गद्य नाटकात चालते. गाण्याच्या नाटकात नाही. शॉच्या हयातीत ‘पिग्मॅलियन’चे संगीतक होऊ शकले नाही, कारण त्याची त्याला साफ नामंजुरी होती. १९०८ साली त्याच्या दुसऱ्या एका नाटकावरून ऑपेरेटा बेतला गेला होता, तो अनुभव त्याला पुरेसा वाटला. १९५० साली तो निवर्तला आणि १९५६ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ‘माय फेअर लेडी’ अवतरले. वीस वर्षांची ज्यूली अँड्र्यूज त्यात एलायझा होती. शॉने पडद्याआड ठेवलेले शिक्षण येथे गाण्याच्या रूपाने पुढे आले आणि तेच नाटकाचे सर्वांत लोकप्रिय अंग ठरले. १९६४ साली याचा चित्रपट झाला तेव्हा ज्यूली अँड्र्यूजला वगळून ऑड्री हेपबर्नची निवड झाली. तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात भरण्यात आली. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा. जिला दुसऱ्याने दिलेल्या वाणीत बोलावे लागते अशा मुलीच्या गोष्टीत हा प्रकार घडावा, यातला उपरोध शॉला नक्की आवडला असता.

मराठी संगीत नाटकात ही सोय नाही. येथे चेहरा जिचा, गळाही तिचाच असावा लागतो, आणि तोही आजच्या प्रयोगाला, आत्ता, समोरच्या प्रेक्षकाच्या साक्षीने.

*

गोखले यांनी ‘पिग्मॅलियन’ मराठीत आणताना एक मूलभूत बदल केला. भाषेच्या जागी त्यांनी गाणे ठेवले. फुलवालीऐवजी तमाशात गाणारी मैना आली. उच्चारशास्त्रज्ञाऐवजी शास्त्रीय संगीताचा आचार्य आला. मैनेने लावणीकडून रागदारीकडे जायचे आणि स्वरसम्राज्ञी व्हायचे. ‘लोकसत्ता’चे संपादक असलेले गोखले संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनासाठी झटत होते. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘मेघमल्हार’ या त्यांच्या नाटकांतून कवी, गायक, सूर हेच विषय पुनःपुन्हा येतात. कलावंताला नायक करणे हा त्यांचा स्थायीभाव होता. त्यामुळे हिगिन्सची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पडताच तिची तालीमखोली होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

बदल वरवरचा वाटेल. पण तो मुळाशी जाणारा आहे, असे आमचे मत आहे. शॉची आई गायिका होती आणि डब्लिनमध्ये तिचा गायनगुरू वँडेलर ली त्या कुटुंबासोबत एकाच घरात राहत असे. ‘आपल्या पद्धती’ने आवाज घडविणारा, आत्मविश्वासाने भारलेला शिक्षक शॉने लहानपणी घरात पाहिला होता. पुढे तो स्वतः संगीतसमीक्षक म्हणून लिहू लागला. हिगिन्सच्या मागे गायनगुरूची सावली आहे असे मानले तर गोखल्यांनी कथा तिच्या जन्मस्थानी परत नेली, असेच म्हणावे लागेल.

आणखी एक कारण आहे. इंग्लंडात माणसाने तोंड उघडताच त्याचा वर्ग कळतो, हा शॉचा सिद्धान्त. मराठीतही बोलीवरून माणसाची जातकुळी ताडली जाते, यात शंका नाही. परंतु विसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात प्रतिष्ठेची एक निराळी मोजपट्टी तयार झाली होती, ती गाण्याची. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; भातखंड्यांनी रागांचे शास्त्र लिहून काढले; घराघरांतून पेटी वाजू लागली. या चळवळीने संगीताला प्रतिष्ठा दिली हे खरे. त्याचबरोबर कोणते गाणे घरात यायचे आणि कोणते दाराबाहेर राहायचे हेही ठरले. ख्याल आत आला. लावणी बाहेर राहिली. लावणी गाणारी बाई तर उंबऱ्याच्या जवळपासही आली नाही. म्हणून मैनेने व्याकरण न शिकता ख्याल शिकणे, हे मराठी प्रेक्षकाला वर्गांतर म्हणून तत्काळ समजले.

मौज अशी की, ज्या नाट्यसंगीताच्या मखरात हे वर्गांतर घडते ते नाट्यसंगीत स्वतःच अर्धे मैनेच्या कुळातले आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ प्रथम झाले. त्याच्या आणि ‘सौभद्र’च्या पदांमागे साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली आणि लावणीची वळणे होती. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-कजरीच्या पूरबी बाजाला जवळ केले. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भरघोस रागदारी आणली. म्हणजे मैनेचा जो प्रवास गोखल्यांनी तीन तासांत दाखविला, तो नाट्यसंगीताने ३६ वर्षांत केला होता. आणि त्या प्रवासात त्याने मागचे काही फेकून दिले नाही. साकी, दिंडी आणि लावणी त्याच्या अंगात मुरून गेल्या.

*

आता नटीकडे वळू. १९७२ साली कीर्ती शिलेदार विशीच्या उंबरठ्यावर होत्या. जन्म १६ ऑगस्ट १९५२ चा. वडील जयराम शिलेदार आणि आई जयमालाबाई यांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था स्थापिली होती. संगीत नाटकाच्या दृष्टीने तो पडता काळ होता. बोलपटाने प्रेक्षक नेला होता, मोठ्या मंडळ्या बुडाल्या होत्या. अशा वेळी या दांपत्याने जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग गावोगाव चालू ठेवले. कीर्ती आणि त्यांच्या भगिनी लता (पुढे दीप्ती भोगले) या वातावरणातच वाढल्या. ऑर्गनचा भाता, तबल्याची लावालाव, रंगपटातला स्नोपावडरचा वास आणि विंगेतून ऐकलेली पदे हे त्यांचे बालशिक्षण. पुढे नीळकंठबुवा अभ्यंकरांकडे रीतसर तालीमही झाली.

अशा मुलीसमोर मैना उभी राहते तेव्हा काय होते, हे नीट पाहण्याजोगे आहे. मैना परंपरेच्या बाहेरची. कीर्ती परंपरेच्या गाभाऱ्यात जन्मलेली. मैनेला जे मिळवायचे आहे ते कीर्तीपाशी आधीच आहे. मैना नाटकभर जे शिकत जाते, ते कीर्तीला आरंभी लपवावे लागते. लपविणे म्हणजे बेसूर गाणे नव्हे. तमाशातली गायिका बेसूर नसते, हे प्रेक्षकालाही माहीत असते. आवाजाची फेक, शब्दावरचा आघात, ठेक्यावर स्वार होण्याची रीत, सम गाठताना मानेला दिलेला झटका, हे सारे वेगळे करावे लागते. बालगंधर्वांच्या वळणाची हळुवार मींड आणि गोल, दाणेदार तान ज्या गळ्यात बसली आहे, त्या गळ्याने उघडा, ठसठशीत लावणीचा स्वर लावायचा. पुढे हळूहळू ती कवाडे उघडायची, पण अशा बेताने की प्रेक्षकाला ‘ही शिकते आहे’ असे वाटावे, ‘हिला येतच होते’ असे वाटू नये. नृत्य न येणाऱ्याने नृत्य करून दाखविणे कठीण. परंतु ज्याला उत्तम येते त्याने कमी येत असल्याचे सोंग विश्वसनीयपणे वठविणे त्याहून कठीण.

येथे शॉचे शहाणपण कामास येत नाही. त्याने विजयाचा प्रसंग पडद्याआड ठेवला. मैनेचा विजय झाकता येत नाही. ‘ती स्वरसम्राज्ञी झाली’ असे इतर पात्रांनी सांगून भागणार नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांत गाणे जाणणारे कान आहेत, आणि त्यांनी काल-परवाच एखाद्या नामवंत गवयाची मैफल ऐकलेली असू शकते. त्यांना त्या संध्याकाळी, त्या क्षणी, ते गाणे राजपदाचे वाटले पाहिजे. नाहीतर नाटक कोसळले. एलायझाचा उच्चार प्रेक्षकाला साधारण शुद्ध वाटला की पुरे. मैनेचा स्वर मात्र प्रत्येक प्रयोगात नव्याने परीक्षेस बसतो. नटीचा घसा बसलेला असो, प्रवासाचा शीण असो, सूट मिळत नाही. एखाद्या पदाला ‘वन्स मोअर’ आला, तर पात्र बाजूला सारून गायिका पुढे येते, पुन्हा गाते, आणि पुन्हा पात्रात शिरते. हे आत-बाहेर करणे संगीत नाटकाच्या नटीला अंगवळणीच पडलेले असते. मैनेच्या बाबतीत ते अधिक नाजूक, कारण अर्धवट शिकलेल्या मैनेला पडलेल्या टाळ्यांना पूर्ण शिकलेल्या कीर्तीने उत्तर दिले तर कथेचा धागाच तुटेल.

नाटकाचे संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचे. म्हणजे कथेतला गुरू मैनेला जे शिकवितो, ते प्रत्यक्षात कीर्तीच्याच गुरूने बांधले होते. रंगमंचावरची गुरू-शिष्या जोडी खोटी, तिच्या मागची मात्र खरी. एखाद्या नटीला भूमिका आणि आयुष्य यांची अशी सांगड क्वचितच लाभते.

भूमिका नवी होती, हेही विसरता कामा नये. संगीत रंगभूमीवर बायकांच्या भूमिका दीर्घकाळ पुरुषांनी केल्या. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि सुभद्रा, बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी यांनी नायिकेचे गाणे कसे असावे हे ठरवून टाकले होते. पुढे हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भगिनींनी रंगमंचावर येऊन स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा मार्ग प्रशस्त केला, जयमालाबाईंच्या पिढीने तो रुळविला. तरीही सुभद्रा गाणाऱ्या प्रत्येक नटीच्या मागे प्रेक्षकाच्या कानात बालगंधर्व गातच असत. स्त्रीने रंगमंचावर स्त्री कसे व्हावे हे तिला एका पुरुषाच्या गळ्यावरून शिकावे लागले, असा हा विचित्र इतिहास. मैनेला असा पूर्वज नव्हता. तिची तुलना कोणाशी होणार नव्हती, आणि तिला कोणाचा आधारही नव्हता. ‘स्वरसम्राज्ञी’ हे नाव कीर्तीबाईंनाच का चिकटले, याचे एक उत्तर आम्हांला येथे दिसते. सुभद्रा त्यांच्याकडे वारशाने आली होती. मैना त्यांनी स्वतः उभी केली.

*

या कथेला घरातलाच एक प्रतिध्वनी आहे. १९४७ साली ‘राजकमल’चा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. त्यात राम जोशींची भूमिका जयराम शिलेदारांनी केली होती. नायिका हंसा वाडकर. सोलापूरचा वेदशास्त्रसंपन्न घरातला ब्राह्मण मुलगा लावणीच्या नादी लागतो, घरादाराला पारखा होतो आणि शाहीर म्हणून अमर होतो, अशी ती कथा. चित्रपट अफाट गाजला आणि त्याच्यामागून मराठी पडद्यावर तमाशापटांची रीघ लागली.

पंचवीस वर्षांनी मुलीच्या वाट्याला उलटा प्रवास आला. बाप पंडिताच्या ओसरीवरून फडात उतरला. मुलगी फडातून दरबारात चढली. आणि दोन्ही कथांत प्रेक्षक टाळ्या वाजवितो. ब्राह्मण पुरुष लावणीकडे गेला तर तो त्याग ठरतो, त्यातून शाहिरी जन्मते. तमासगीर स्त्री लावणी सोडून वर आली तर तो उद्धार ठरतो, त्यातून सम्राज्ञी जन्मते. लावणी एकच. तिच्याकडे जाणे हे एकाचे थोरपण आणि तिच्यापासून दूर जाणे हे दुसरीचे. ही शिडी आपल्या सांस्कृतिक मनात किती पक्की रोवली गेली आहे, हे या दोन भूमिका शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

१९७२ हे सालही याच दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. कीर्तन, अभंग आणि लावणी एकाच ओळीत उभी करून, पेशवाईतल्या ब्राह्मणांचाच हालता पडदा करून त्या नाटकाने शिडी उलटी धरली. वरच्या पायरीवरचे लोक खाली दिसू लागले. गोखले आणि तेंडुलकर यांची नावे एका श्वासात कोणी घेत नाही; त्यांचा प्रेक्षक निराळा, भूमिका निराळ्या. परंतु एकाच वर्षी मराठी रंगभूमीने लावणीचे काय करावे या प्रश्नाला दोन उत्तरे दिली, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये. गोखल्यांच्या नाटकात लावणी हा आरंभ होता, जेथून निघायचे. तेंडुलकरांच्या नाटकात ती साक्षीदार होती, जिच्यापासून सुटका नाही.

मग कीर्तीबाईंची मैना शिडीच्या बाजूने उभी राहिली, असे म्हणायचे का? संहिता वाचून तसे म्हणता येईल. गाणी ऐकून मात्र म्हणवत नाही. ‘स्वरसम्राज्ञी’तील जे गाणे आजही श्रोत्यांच्या ओठी आहे, ती मैनेच्या तोंडची ग्रामीण बोलीतली लावणी आहे. ध्वनिमुद्रणात ती ऐकावी. त्या आवाजात नक्कल नाही आणि टिंगलही नाही. ‘मी कशी गावंढळ गाते पाहा’ असा डोळा कीर्तीबाई प्रेक्षकाला मारीत नाहीत. विरहाची तक्रार आहे, लाडिकपणा आहे, आणि खाली पक्का सूर आहे. गोखल्यांच्या योजनेप्रमाणे हे गाणे मागे टाकायचे होते. नटीने ते इतक्या आदराने गायिले की मागे टाकायची गोष्टच पुढे राहिली. साम्राज्य मिळविण्यापूर्वीच मैना सम्राज्ञी होती, हे त्या गळ्याने नाटककाराच्या नकळत सिद्ध केले. आम्ही याला या भूमिकेतले खरे यश समजतो.

प्रत्यक्ष इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. यमुनाबाई वाईकर मुलुंडचे संमेलन भरण्यापूर्वी महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून निवर्तल्या. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदाकारी ज्यांनी ऐकली-पाहिली त्यांना सांगावे लागत नाही की तेथे रागाचे भान होते, ठुमरीसारखा एकाच ओळीचा अनेक अंगांनी होणारा विस्तार होता, आणि तालावरची हुकमत तर होतीच. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे वय शंभरीच्या जवळ आले होते. खऱ्या मैनेला शिकवायला कोणा आचार्याची वाट पाहावी लागली नव्हती. तिला वाट पाहावी लागली ती ऐकणाऱ्यांची.

*

‘पिग्मॅलियन’ची मराठीतली दुसरी मुलगी तीनच वर्षांनी आली. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आली आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली. पु. ल. स्वतः उत्तम संगीतकार. पेटी त्यांच्या बोटांत होती. त्यांनी संगीत नाटक केले असते तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते. त्यांनी मात्र शॉचे भाषेचे सूत्र कायम ठेवले आणि मराठी बोलींच्या उतरंडीवर बोट ठेवले. गंमत अशी की, या गद्य नाटकातले सर्वांत गाजलेले स्थळ म्हणजे मास्तरांवर सूड घेण्याची स्वप्ने रंगविणारे मंजुळाचे स्वगत. ते लयीत बांधलेले आहे. चाल नाही एवढेच. भक्ती बर्वे यांना तेथे गाणे नसलेले गाणे म्हणावे लागे, श्वासाचा हिशेब गायिकेइतकाच काटेकोर ठेवून.

दोघी एकमेकींच्या आरशासारख्या आहेत. मंजुळाला शिक्षणातून बोलता येऊ लागते, आणि बोलता आल्यामुळे ती ‘माझे काय?’ असे विचारू शकते. शॉला हाच प्रश्न हवा होता. त्याच्या लंडनच्या प्रयोगात नटाने अखेरीस एलायझाकडे फुले फेकून प्रेमाचा सुखान्त सुचविला, तेव्हा तो संतापला, आणि पुढे छापील नाटकाला उपसंहार जोडून त्याने एलायझाला हिगिन्सपासून दूरच ठेवले. मैनेचा प्रश्न निराळा आहे. भाषा ही प्रश्न विचारण्याचे साधन आहे. राग हे नाही. यमन गाता आला म्हणून ‘मला तुम्ही काय केलेत?’ असे यमनातून विचारता येत नाही. तेथे उत्तर देता येते ते फक्त गाऊन. आणि तसे ते गाण्यातच दिले गेले, हे आपण वर पाहिले.

मराठीच्या वर्गात ‘ती फुलराणी’ शिकविली जाते; इंग्रजीच्या वर्गात ‘पिग्मॅलियन’ शिकविले जाते. ‘स्वरसम्राज्ञी’ सहसा कोठेच शिकविले जात नाही. संगीत नाटकाची संहिता वाचून हाती फार थोडे लागते, हे त्याचे कारण असावे. पण तसे असेल तर संहितेसोबत गाणे ऐकविणे हाच उपाय आहे. रूपांतर म्हणजे काय, वर्ग आणि अभिरुची यांचा संबंध कसा असतो, नाटककाराचे म्हणणे आणि नटाचे म्हणणे यांत फरक कसा पडतो, हे शिकविण्यास या तीन मुलींहून चांगली सामग्री आम्हांला सुचत नाही.

जयमालाबाई २०१३ साली गेल्या. २२ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात कीर्ती शिलेदार यांचे निधन झाले. श्रद्धांजलीच्या मथळ्यांतून ‘स्वरसम्राज्ञी’ हा शब्द पुन्हा सर्वत्र दिसला. तो योग्यच होता. फक्त वाचताना आमच्या मनात दरबारातली विजयी गायिका आली नाही. आली ती तिच्या आधीची, ग्रामीण बोलीत आपली दैन्यावस्था सांगणारी मैना. आणि त्या मैनेला कमी लेखण्याचा मोह ज्या गळ्याला एकदाही झाला नाही, तो गळा.